पायथन 2 ते 3: पाच भागिले दोनची गोष्ट

लॅबमधल्या सीनियरची जुनी स्क्रिप्ट हाती आली, तर आधी बघा, ती कुठल्या पायथनची आहे. पायथन 2 मध्ये 5/2 चं उत्तर 2 यायचं. 3 मध्ये 2.5 येतं. एरर येत नाही, आकडा गुपचूप बदलतो.

डिसेंबर 2008 मध्ये पायथन 3.0 आलं, ते जुन्या चुका सुधारायला, जुन्या कोडशी नातं मुद्दाम तोडून. पण लायब्ररी जुन्यातच, म्हणून लोकही तिथेच. मग 2012 मध्ये 3.3 ने स्ट्रिंगआधीचं जुनं ‘यू’ परत चालवून घेतलं. दोन्हींत चालणारा कोड लिहिणं सोपं झालं. 2.7 ची मुदतही 2015 वरून 2020 वर गेली.

तुमच्या प्रबंधाच्या कोडसोबत व्हर्जन लिहून ठेवा. मागून येणाऱ्याला तोच आलेख पुन्हा काढायचा असतो.