तेलाचा थर आणि चेंडूची कसोटी : टेनपिन बोलिंगमधील साधन-नियमनाचा इतिहास

प्रस्तावना

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे रूप पालटत गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोअर परळ येथील फिनिक्स गिरणीच्या आवारात टेनपिन बोलिंगचे केंद्र उभे राहिले. तेव्हापासून हा अमेरिकी खेळ महाराष्ट्रातील शहरी वर्गाच्या परिचयाचा झाला. क्रिकेटची खेळपट्टी प्रेक्षकास दिसते. बोलिंगच्या मार्गिकेवरील तेल मात्र दिसत नाही. या अदृश्य थराने खेळाचे नियम कसे घडविले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तेलाचे प्रयोजन

फाउल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते. लाकडी मार्गिकेची झीज टळावी, हा तेल लावण्याचा मूळ हेतू होता. सामान्यतः सुमारे ४० फुटांपर्यंतच तेल असते. तेलावर चेंडू घसरतो, पुढील कोरड्या भागात पकड घेऊन वळतो आणि पिनांवर तिरका आदळतो. थर दाट असल्यास गुळगुळीत, टणक चेंडू वळतच नाही. म्हणून दाट तेलाची मार्गिका ही चेंडूची खरी कसोटी ठरली.

चेंडूचे स्थित्यंतर

प्रारंभीचे चेंडू लिग्नम व्हिटे या जड लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या आरंभी कठीण रबर आणि पुढे प्लास्टिक आले. १९७३ मध्ये डॉन मॅक्कून यांनी प्लास्टिकचा चेंडू रासायनिक द्रावकात भिजवून मऊ केला आणि त्या वर्षी सहा व्यावसायिक विजेतेपदे मिळविली. परिणामी कठिणतेची किमान मर्यादा निश्चित झाली. १९८० च्या दशकात युरेथेन व १९९० च्या दशकात सच्छिद्र रेझिनचे चेंडू आले. रेझिनचे कवच तेल शोषून घेते; त्यामुळे दाट तेलावरही पकड मिळते.

नियमनाचा प्रश्न

येथे न्याय्यतेचा प्रश्न उद्भवतो. मार्गिका सर्व खेळाडूंची सामाईक असते. एकाच्या चेंडूने तेल शोषले की पुढच्याच्या वाट्याला बदललेली मार्गिका येते. अमेरिकी बोलिंग महासंघाने यंत्रमानवाकरवी एकाच वेगाने व फिरकीने चेंडू टाकून चाचण्या घेतल्या. मानवी हाताचा फरक वगळून केवळ साधनाचा परिणाम मोजणे त्यामुळे शक्य झाले. १ ऑगस्ट २०२० पासून नव्या चेंडूंसाठी तेलशोषणाचा निकष लागू झाला : तेलाचा ठराविक थेंब जिरण्यास किमान २ मिनिटे १५ सेकंद लागले पाहिजेत.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते की, मार्गिकेच्या रक्षणार्थ आलेले तेलच पुढे कौशल्याचे मोजमाप बनले आणि साधनांच्या प्रगतीने ते मोजमापच पुसट होऊ लागले. आपल्याकडील केंद्रांत हौशी खेळाडू बहुधा केंद्राचाच टणक प्लास्टिकचा चेंडू वापरतो. स्वतःचा रेझिनचा चेंडू घेणाऱ्याशी त्याच्या गुणांची तुलना करताना फरक हाताचा की साधनाचा, हे आधी तपासावे लागते. चेंडूची चाचणी म्हणूनच केवळ उत्पादकाची बाब नसून, खेळातील समान संधीचा तो प्रश्न आहे.