अठ्ठावीस सेकंदांचं तेल

उत्तर आयर्लंडच्या खेड्यात घर भाड्यानं घेतलं की थंडी सुरू होण्याआधी शेजारी एक प्रश्न हमखास विचारतात : टाकीत किती आहे? प्रश्न पाण्याचा नसतो, तेलाचा असतो. मागच्या अंगणात हिरव्या प्लास्टिकची, हजार-बाराशे लिटरची टाकी उभी असते. तिच्यातून निघालेली तांब्याची बारीक नळी बॉयलरपर्यंत जाते आणि त्या बॉयलरच्या गरम पाण्यावर सगळं घर ऊब धरतं. तेल मागवायला फोन केला की दुकानदार विचारतो, "अठ्ठावीस सेकंद ना?" नवख्याला वाटतं, हा पोचवण्याची वेळ सांगतोय की काय.

माझी भाची तिकडे नोकरीला गेली, त्या पहिल्या ऑक्टोबरात तिनं टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि मला फोन केला. "मामा, हे तर आपलं रॉकेल आहे!" तिचं म्हणणं बरोबर होतं. वासावरून ओळखण्याइतकं रॉकेल तिच्या आजीच्या स्वयंपाकघरात असायचं.

या तेलाला जितकी नावं मिळाली तितकी फार थोड्या वस्तूंना मिळाली असतील. कॅनडाच्या अब्राहम गेस्नर यांनी १८४६ मध्ये कोळशापासून दिव्याचं तेल काढून दाखवलं आणि मेण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'केरोसीन' म्हटलं. इकडे स्कॉटलंडच्या जेम्स यंग यांनी १८५० मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी बाथगेटला कारखाना काढला. त्यांच्या तेलाचं नाव 'पॅराफिन'. हा शब्द आधीचा, १८३० मध्ये रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं मेणासाठी घडवलेला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, जिची इतरांशी फारशी सोयरीक जुळत नाही अशी वस्तू. ब्रिटनमध्ये यंग यांचं तेल घरोघर इतकं पोचलं की लोक त्यांनाच 'पॅराफिन यंग' म्हणू लागले, आणि म्हणून अमेरिकेत जे केरोसीन ते ब्रिटनमध्ये पॅराफिन.

आपल्याकडे आणखी दोन नावं आली. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. त्या 'गॅसलाइट'चं आपल्या जिभेवर घासलेट झालं आणि पुढे ते नाव गॅसला सोडून तेलाला चिकटलं. खडकातून निघणारं तेल ते 'रॉक ऑइल', त्याचं रॉकेल. दोन्ही शब्द इतके मुरले की ते परके होते हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

पण मला या कुळात नावांपेक्षा महत्त्वाची वाटते ती राखण. हे तेल गरिबाच्या घरात गेलं तेव्हापासून त्यावर कुणाचा तरी डोळा होता, आणि त्याची प्रत, त्याचा भाव, त्याची टाकी यांवर पहारा ठेवणं हा त्याच्या इतिहासाचाच भाग आहे.

पहिली चोरी भेसळीची. पेट्रोलियमचा सर्वांत हलका, चटकन पेट घेणारा भाग तेव्हा कवडीमोल होता. मोटारी यायच्या होत्या, तो विकायचा कुणाला? मग लबाड व्यापारी तो दिव्याच्या तेलात मिसळत. असा दिवा भडकला की घर पेटे, आणि बहुतेक वेळा भाजणारी बाई किंवा मूल असे. रॉकफेलर यांनी १८७० मध्ये आपल्या कंपनीला 'स्टँडर्ड' हे नाव दिलं, त्यामागे आमचं तेल ठरावीक प्रतीचंच असेल ही ग्वाही होती. ब्रिटनमध्ये फ्रेडरिक एबल यांनी तेलाची वाफ किती उष्णतेला पेट घेते हे मोजण्याचं बंदिस्त भांडं तयार केलं आणि १८७९ च्या कायद्यानं ती चाचणी सरकारी झाली. माझ्या मते सामान्य घरातल्या जीवांसाठी केलेल्या उपकरणांमध्ये त्या भांड्याचा मान मोठा आहे, आणि त्याची आठवण फार कमी लोक ठेवतात.

अठ्ठावीस सेकंदही अशाच एका भांड्यातून आले. बोव्हर्टन रेडवूड हे त्या काळचे ब्रिटनमधले पेट्रोलियमचे मोठे जाणकार. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात रॉकेल आणणाऱ्या बर्मा ऑइलचेही ते सल्लागार होते. त्यांनी तेलाचा पातळपणा मोजायला एक साधी रीत बसवली. चांदीच्या रंगाच्या छोट्या भांड्यात तेल घ्यायचं, भोवतालच्या पाण्यानं ते ठरावीक उष्णतेवर आणायचं, तळाशी अकीक दगडातून कोरलेलं बारीक छिद्र उघडायचं आणि ५० मिलिलिटर तेल खाली पडायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचं. १०० अंश फॅरनहाइटला घरगुती केरोसीनला लागत २८ सेकंद. त्याहून जाड, शेतातल्या ट्रॅक्टरांत आणि मोठ्या इमारतींच्या बॉयलरांत जाणाऱ्या तेलाला ३५. आज प्रयोगशाळांत मोजमापाची एककं बदलली आहेत, तरी टँकरवाल्याच्या पावतीवर आणि बॉयलर दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी ते सेकंद टिकून आहेत. बॉयलर अठ्ठावीसचा आणि तेल पस्तिसाचं असं झालं तर ज्योत काजळी धरते, म्हणून हा आकडा नुसता कौतुकाचा नाही.

दिव्याचं तेल उबेकडे वळलं ते विसाव्या शतकात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये भाड्याच्या थंड खोल्यांमध्ये पॅराफिनच्या शेगड्या आल्या. कॅरिबियन बेटांवरून आणि आपल्या उपखंडातून गेलेल्या कितीतरी कामगारांची पहिली हिवाळी रात्र अशा शेगडीशेजारी गेली. एका कंपनीचं तेल गुलाबी, दुसरीचं निळं. हा रंग जाहिरातीचा होता, कायद्याचा नव्हता. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुकं उतरलं, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि कोळशाचे दिवस सरत गेले. उत्तर समुद्रातला गॅस शहरांत नळानं पोचला. खेडी मात्र नळापासून दूर राहिली आणि त्यांनी अंगणात तेलाची टाकी बसवली. उत्तर आयर्लंडला तर समुद्राखालून नैसर्गिक गॅस पोचायला १९९६ साल उजाडलं. तिथली निम्म्याहून अधिक घरं आजही तेलावर तापतात ती याच कारणानं.

इथून कुळाला नवा रंग लागतो, तोही अक्षरशः. घर तापवण्याच्या केरोसीनवर ब्रिटनमध्ये उत्पादन शुल्क नाही आणि विक्रीकर जेमतेम ५ टक्के. मोटारीच्या डिझेलवर मात्र लिटरमागे ५० पेन्सांहून अधिक शुल्क. मग स्वस्त तेल महागाच्या टाकीत ओतण्याचा मोह होणारच. म्हणून घरगुती तेलात पिवळा रंग आणि कुमारिन घालतात. कापून वाळत घातलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो याच कुमारिनचा. योग्य चाचणी केली की ते अतिनील प्रकाशात चमकतं आणि तेल कुठून आलं ते सांगतं. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्या सरहद्दीवरच्या टोळ्यांनी आम्लं आणि माती वापरून रंग धुण्याचे कारखाने काढले आणि त्याचा विषारी गाळ रस्त्याकडेला टाकला. अखेर २०१५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही सरकारांनी मिळून सहजी धुऊन जाणार नाही अशी नवी खूण तेलात घातली.

हे वाचताना मराठी माणसाला रेशनचं निळं रॉकेल आठवल्याशिवाय राहणार नाही. पिंपात बुडवलेला हातपंप, नरसाळं, कॅन घेऊन रांगेत उभ्या बायका, आणि त्याच निळ्या तेलाची डिझेलमधली भेसळ. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेलाची चोरी पाहिली, ते तिथे थांबले, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. रॉकेलच्या कुळकथेत हे नाव आलंच पाहिजे. स्वस्त तेल ज्याच्या हक्काचं, त्याच्यापर्यंत ते पोचावं म्हणून हा माणूस गाडीतून उतरला होता.

तिकडे चोर घराच्या मागच्या दारी येतो. भाव चढले की टाक्या रिकाम्या होऊ लागतात. २०१० च्या बर्फाळ डिसेंबरात भाव भडकले होते, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा भडकले. विमानाचं इंधनही याच जातीचं असल्यानं जगाच्या बाजारात काही झालं की त्याची झळ थेट अंगणातल्या टाकीला लागते, आणि वीज-गॅसच्या दरांना सरकारी नियामक जी कमाल मर्यादा घालतो ती तेलाला लागू नाही. सकाळी उठावं तर रेडिएटर थंड, टाकीचं कुलूप तुटलेलं आणि पाचशे लिटर गेलेलं. म्हाताऱ्या माणसाच्या घरात जानेवारीत हे घडलं तर ती केवळ पैशाची चोरी राहत नाही.

भाचीच्या शेजाऱ्यानं तिला जे शिकवलं ते सगळ्या टाकीवाल्यांच्या कामाचं आहे. टाकी रस्त्यावरून दिसू नये, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसावी. घरापासून १.८ मीटर आणि कुंपणापासून ७६० मिलिमीटर अंतर आगीच्या भीतीनं राखावंच लागतं, त्या मोकळ्या जागेत खडी पसरावी म्हणजे पाऊल वाजतं. बाहेरच्या बाजूनं काटेरी हॉथॉर्नची झुडपं लावावीत. झाकणात बसणारं एक छोटं यंत्र ध्वनिलहरींनी पातळी मोजतं आणि ती एकदम उतरली की घरातला दिवा लुकलुकतो. कुलूप चांगलं घ्यावं, पण सगळी भिस्त कुलपावर ठेवू नये, कारण ते तुटलं नाही तर चोर प्लास्टिकलाच भोक पाडतो. तेव्हा नेलेल्या तेलापेक्षा सांडलेलं तेल महाग पडतं. माती उपसावी लागते, विहीर बाधते. विम्यात चोरी आहे का आणि सांडलेलं तेल निपटण्याचा खर्च आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

स्वस्त घेण्याची रीतही शेजारातूनच आली. टँकरनं तेल मागवायचं तर ते शेकडो लिटर घ्यावं लागतं, आणि तेवढे पैसे एकदम काढणं साऱ्यांना जमत नाही. म्हणून तिथल्या नगरपालिकांनी तेलाची तिकिटं काढली : दुकानातून पाच पौंडांचं तिकीट घ्यायचं, कार्डावर चिकटवायचं, कार्ड भरलं की ते तेलवाल्याला द्यायचं. ज्यांना तेही झेपत नाही ते पेट्रोलपंपावरून वीस लिटरचा डबा नेतात आणि लिटरमागे सर्वांत जास्त दाम तेच मोजतात. हा अन्याय मला टोचतो. त्यावरचा खरा उतारा म्हणजे गावाचं तेलमंडळ. वीस-पंचवीस घरं मिळून एकच मागणी नोंदवतात, चार विक्रेत्यांकडून भाव घेतात, शक्यतो थंडी पडण्याआधी, आणि टँकर एकाच दिवशी सगळ्या गल्लीत फिरतो. भाव उतरतो. शिवाय कुणाच्या अंगणात कधी तेल यायचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे भलत्या दिवशी, भलत्या वेळी गाडी उभी राहिली तर कुणीतरी पडदा सारून बघतं.

भाची आता तिच्या गल्लीची मागणी लिहून घेते. परवा टँकर आला तेव्हा तिनं फोन चालू ठेवला होता. नळी गुंडाळल्याचा आवाज, झाकण घट्ट फिरवल्याचा, मग कुलपाचा. चालकानं पावती दिली आणि तिनं मला ती वाचून दाखवली : केरोसीन, २८ सेकंद, ५०० लिटर.