दुसरी चावी डॅशबोर्डमागे कुणी ठेवली?

बायपासवरच्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानांवर यंदा नवा बोर्ड झळकतोय. 'मोबाइलवरून गाडी स्टार्ट, फिटिंगसह.' एप्रिल-मे मध्ये उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे भट्टीच, त्यामुळे लोक चौकशी करायला लागलेत यात नवल काही नाही. दोघा-तिघांनी मलाही विचारलं, बसवून घ्यावं का? एका वाक्यात उत्तर देता येईना, कारण त्या हाताएवढ्या डब्यामागे गाडीच्या चावीचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आधी वाचा, मग दुकानात जा.

पूर्वी गाडी सुरू करायला मनगटात जोर लागायचा. पुढून हँडल घालून फिरवायचं. आपल्याकडे ॲम्बॅसॅडर, फियाटला हँडल मारलेली माणसं अजून गावात आहेत, ती सांगतील उलटा झटका बसला की काय व्हायचं. मनगटं मोडायची. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो पहिल्यांदा कारखान्यातून बसून आला. पुढे 1949 मध्ये क्रायस्लरने चावी फिरवली की गाडी सुरू, अशी सोय दिली. म्हणजे आज आपल्याला जे अगदी साधं वाटतं ते स्वातंत्र्यानंतरचं आहे.

पण ही चावी म्हणजे नुसता विजेचा खटका. चावीमागच्या दोन वायरी सोलून एकमेकींना लावल्या की गाडी चोराची. सिनेमात हीरो करतो तेच. अमेरिकेत आणि युरोपात पुढची चाळीस वर्षं गाड्या अशाच चोरीला गेल्या.

मग 1986 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने चावीच्या पात्यावर एक छोटा रेझिस्टर बसवला. पंधरा वेगवेगळ्या मूल्यांपैकी एक. गाडी चावीतला रेझिस्टर मोजणार, जुळला तरच इंजिन सुरू होऊ देणार. कल्पना चांगली होती, पण रेझिस्टर मोजायला मल्टिमीटर पुरतो, आणि मल्टिमीटर आपल्या कुठल्याही वायरमनच्या खिशात असतो. रिमोट स्टार्ट बसवणाऱ्यांनी तेच केलं. चावी मोजायची, बाजारातून त्याच मूल्याचा रेझिस्टर आणायचा, रिले लावून वायरिंगमध्ये जोडून टाकायचा. गाडीला वाटतं चावी लागली. मूळ गोम इथे आहे आणि पुढची सगळी कथा तिचीच आहे. चोराला अडवणारं यंत्र म्हणतं, चावी असल्याशिवाय इंजिन चालू करू नकोस. रिमोट स्टार्ट म्हणतो, चावी घरात खुंटीला आहे, तरी चालू कर. दोघांना एका गाडीत नांदवायचं तर गाडीशी खोटं बोलावंच लागतं.

नव्वदच्या दशकात युरोपात गाडीचोरी फार वाढली. जर्मनीत विमा कंपन्यांनी रेटा लावला आणि चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप आली. या चिपला बॅटरी नसते. कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं, चावी जवळ गेली की कड्यातल्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपला संकेत सांगते. तो पटला तरच इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल आणि स्पार्क सोडतो. वायरी कितीही जोडा, इंजिन थंड. याला म्हणतात इमोबिलायझर. युरोपीय संघाने ऑक्टोबर 1998 पासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला, तर 1995 ते 2008 या काळात त्यांच्या देशातली कारचोरी या एका यंत्राने सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाली होती. पोलिसांच्या कुठल्या मोहिमेने एवढं केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आता कॅनडात जाऊ, कारण रिमोट स्टार्टची खरी गरज तिथे आहे. विनिपेग नावाचं शहर आहे, हिवाळ्यात उणे 30 अंश ही तिथली नेहमीची थंडी. रात्री गाडीच्या इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात. सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवल्याशिवाय काचेवरचा बर्फ सुटत नाही. लोक चावी लावून गाडी दारात सुरू ठेवायचे आणि आत चहा-कॉफी घ्यायचे. तेवढ्यात पोरं गाडी घेऊन पसार. 2000 नंतरच्या काही वर्षांत विनिपेग हे कॅनडातलं गाडीचोरीचं सर्वांत बदनाम शहर झालं होतं. चोर बहुतेक अल्पवयीन, विकायला नाही तर मजा म्हणून चोरणारे, आणि त्यांच्या आवडीच्या गाड्या म्हणजे चिप नसलेल्या जुन्या क्रायस्लर-डॉज.

तिथे गाड्यांचा विमा सरकारी आहे. त्या विमा महामंडळाने ठरवलं की चोरीच्या भरपाया देत बसण्यापेक्षा जुन्या गाड्यांना इमोबिलायझर आपणच बसवून द्यावेत. 2005 मध्ये ऐच्छिक सुरुवात झाली. सप्टेंबर 2007 पासून धोक्याच्या यादीतल्या गाड्यांना सक्ती. जोडीला सराईत पोरांवर कडक देखरेख. काही वर्षांत चोऱ्या 80 टक्क्यांच्या आसपास उतरल्या. त्याच महिन्यात, 1 सप्टेंबर 2007 ला, संपूर्ण कॅनडात नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला.

म्हणजे एकाच शहराला दोन्ही गोष्टी हव्यात. चावीशिवाय सुरू होणार नाही अशी गाडी, आणि चावीशिवाय सुरू होणारी गाडी! यातूनच 'बायपास'चा धंदा उभा राहिला. सुरुवातीची पद्धत ऐकाल तर हसाल. मालकाकडून दुसरी चावी मागून घ्यायची, एका डबीत घालून तिच्याभोवती तार गुंडाळायची, आणि डबी डॅशबोर्डच्या मागे बांधून ठेवायची. रिमोट दाबला की तेवढ्यापुरती ती तार कुलपाच्या कड्याला जोडली जाते, गाडीला वाटतं मालक आला. चांगल्या फिटिंगमध्ये पुढची काळजीही असते. खरी चावी न लावता कुणी ब्रेक दाबला तर इंजिन बंद पडतं, स्टिअरिंगचं कुलूपही तसंच राहतं. त्यामुळे नुसती काच फोडून बसणाऱ्याला गाडी नेता येत नाही. पण डबी सापडली तर? आत चालू चावी आहे. आणि वाईट फिटिंगमध्ये तर चिप कायमची कड्याजवळ चिकटवून टाकतात. म्हणजे इमोबिलायझर मेला, मालकाला पत्ता नाही.

नंतर फोर्टिनसारख्या क्यूबेकमधल्या कंपन्यांनी गाडीच्या डेटा वायरवर बोलणारे मॉड्यूल काढले, त्यात चावी लपवावी लागत नाही. पण मॉड्यूल ज्या मॉडेलसाठी बनलंय त्याच गाडीला लागतं, आणि बसवणारा शिकलेला लागतो.

अमेरिकेने मात्र इमोबिलायझर कधीच सक्तीचा केला नाही. त्याचं फळ 2022 मध्ये दिसलं. किया आणि ह्युंदाईच्या तिथल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये चिपच नव्हती. यूएसबीच्या टोकाने गाडी सुरू करण्याचे व्हिडिओ टिकटॉकवर फिरले. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने सांगितलं, या प्रकाराने किमान 14 अपघात आणि 8 मृत्यू झाले. कंपन्यांना सुमारे 83 लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर द्यावं लागलं. थोडे पैसे वाचवायला गेले, हे असं झालं.

आता आपल्या गावात परत या. कंपनीतूनच ही सोय असलेल्या गाड्या आपल्याकडे आहेत, 2019 च्या ह्युंदाई व्हेन्यूपासून लोकांना माहीत झाल्या. त्यांचं ठीक, तिथे चिप आणि रिमोट एकाच घरचे. माझी चिंता बाहेरून बसवण्याची आहे, आणि ती तीन गोष्टींची आहे.

पहिली, गिअर. कॅनडा-अमेरिकेत बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. आपल्याकडे मॅन्युअल, आणि उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करायची हे आपल्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्येच शिकवतात. अशा गाडीला घरातून स्टार्टर मारला तर ती जागेवरून उडी घेणार. समोर कोण उभं आहे, पोर आहे की म्हातारी, हे फोन सांगत नाही. तिकडे मॅन्युअल गाडीसाठी वेगळी रीत ठेवतात. इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायचा, उतरायचं, दार लावायचं, मग इंजिन बंद होतं. मध्ये दार उघडलं की रिमोट रद्द. आपल्या दुकानदाराला ही रीत माहीत आहे का, विचारा.

दुसरी, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 126 सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर चालकाच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा. नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी चालकाच्या गैरहजेरीत चुकूनही हलणार नाही अशी तजवीज हवी. आपल्या आळीत पार्किंग कुठे असतं? रस्त्यावरच ना!

तिसरी गोष्ट खिशाची. गाडी चोरीला गेली की विमा कंपनीचा सर्व्हेअर सर्वांत आधी मूळच्या दोन्ही चाव्या मागतो. एक चावी डबीत घालून गाडीबरोबरच गेली असेल, तर त्याला काय दाखवणार? आणि वायरिंग कापल्याचं कंपनीला कळवलं नसेल तर वॉरंटी आणि क्लेम दोन्हींवर वाद.

ज्यांनी आधीच बसवून घेतलंय, त्यांनी आज कपाट उघडून दुसरी चावी मोजावी. नसेल तर दुकानात जाऊन ती कुठे बांधली ते विचारावं, आणि काढून आणावी.