पाठीतील पाणी काढणे : भीती आणि वस्तुस्थिती

आठवडाभर न उतरणारा ताप, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, ताठ झालेली मान आणि रुग्णाच्या बोलण्यात आलेली असंबद्धता. अशा वेळी डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, 'पाठीतील पाणी काढून तपासावे लागेल.' हे ऐकताच घरच्यांचा धीर खचतो. पाठीत सुई घातली की माणूस कायमचा लुळा होतो, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. संमतीपत्रावर सही करावी की नाही या विचारात आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला घेण्यात एक-दोन दिवस सहज निघून जातात. मेंदूज्वरासारख्या आजारात मात्र रुग्ण वाचणार की नाही आणि वाचल्यास धडधाकट राहणार की नाही, हे याच दिवसांत ठरत असते. म्हणूनच 'लंबर पंक्चर', 'एलपी' किंवा 'स्पायनल टॅप' या नावांनी ओळखली जाणारी ही तपासणी नेमकी काय आहे, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे.

हे पाणी म्हणजे काय?

मेंदू आणि त्याच्यापासून निघून पाठीच्या कण्यातून खाली जाणारा मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात. त्यांपैकी आतल्या दोन आवरणांच्या मधल्या जागेत एक स्वच्छ, रंगहीन द्रव खेळत असतो. वैद्यकीय भाषेत त्यास 'सीएसएफ' म्हणतात. सोयीसाठी आपण त्यास मेंदूजल म्हणू. मेंदूच्या आतील पोकळ्यांमध्ये ते तयार होते. सुमारे चौदाशे ग्रॅम वजनाचा मेंदू या द्रवात तरंगत असल्याने त्याचा भार जेमतेम पन्नास ग्रॅमइतकाच जाणवतो आणि धक्क्यांपासूनही त्याचे रक्षण होते.

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात कोणत्याही क्षणी सुमारे १२० ते १५० मिलिलिटर मेंदूजल असते. दिवसभरात मात्र ते जवळजवळ अर्धा लिटर तयार होते आणि जुने रक्तात शोषले जाते. म्हणजे तासाला साधारण वीस मिलिलिटर नवे पाणी येत असते. तपासणीसाठी प्रौढांमध्ये बहुधा १० ते १५ मिलिलिटर पाणी घेतले जाते. ही तूट तासाभरात भरून निघते. 'पाणी काढले की मेंदू सुकतो' या समजुतीला त्यामुळे आधार नाही.

रक्ततपासणी किंवा एमआरआय पुरेसे का नाही?

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक सूक्ष्म अडसर ठेवला आहे. मेंदूच्या आवरणात चाललेल्या घडामोडी रक्तात उमटतीलच असे नाही. सीटी स्कॅन आणि एमआरआय मेंदूची रचना दाखवतात; सूज, गाठ, रक्तस्राव त्यांत दिसतो. पण आवरणाला सूज कोणत्या जंतूमुळे आली, हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. जंतू कोणता, यावर औषध कोणते हे अवलंबून असते. ते उत्तर मेंदूजलातच मिळते.

सुई नेमकी कोठे टोचतात?

सगळ्या भीतीचे मूळ या प्रश्नात आहे. मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही. प्रौढांमध्ये तो कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली केवळ नसांचा जुडगा असतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसणारा म्हणून त्याला 'अश्वपुच्छ' म्हणतात. सुई टोचतात ती कमरेच्या तिसऱ्या व चौथ्या किंवा चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मधल्या फटीत, म्हणजे मज्जारज्जूचा शेवट जेथे होतो त्याच्या खाली. तेथील नसा पाण्यात मोकळ्या तरंगत असल्याने सुईची टोक लागताच बहुधा बाजूला सरकतात. नवजात बालकात मज्जारज्जू थोडा अधिक खाली, तिसऱ्या मणक्यापर्यंत असू शकतो. म्हणून लहान मुलांत आणखी खालची फट निवडतात. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे वरचे काठ जोडणारी रेषा चौथ्या मणक्याजवळून जाते. तीच डॉक्टरांची खूण असते.

सिझेरियनच्या वेळी कमरेत दिली जाणारी भूलही याच मार्गाने दिली जाते. हा अनुभव घेतलेल्या असंख्य माता नंतर नेहमीप्रमाणे चालू-फिरू लागतात, हे ध्यानात घेतले तरी भीती बरीच ओसरेल.

तपासणी कशी करतात?

रुग्णाला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी व हनुवटी छातीशी घ्यायला सांगतात. पाठ अशी वाकवली की मणक्यांमधील फटी रुंदावतात. काही वेळा बसवून, पुढे वाकवूनही पाणी काढतात. त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करून तेवढ्या जागी बधिरतेचे इंजेक्शन देतात. त्याची चुणचुण जाणवते. पुढे मुख्यतः दाब जाणवतो. एखाद्या पायात क्षणभर वीज चमकल्यासारखे वाटल्यास घाबरू नये, हलू नये, डॉक्टरांना सांगावे. ते सुईची दिशा बदलतात.

सुई आत पोहोचली की प्रथम पाण्याचा दाब मोजतात. त्यानंतर पाणी ओढून न घेता आपोआप पडणारे थेंब तीन-चार निर्जंतुक बाटल्यांमध्ये गोळा करतात. बहुतेक वेळा सारे अर्ध्या तासात आटोपते.

१८९१ मध्ये जर्मनीतील कील येथील डॉ. हाइनरिख क्विंके यांनी ही पद्धत रूढ केली. मेंदूभोवतीचा वाढलेला दाब कमी करणे हा त्यांचा मूळ हेतू होता. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांचा अनुभव या तपासणीच्या पाठीशी आहे.

पाण्यावरून काय कळते?

निरोगी मेंदूजल पाण्यासारखे नितळ असते. एक घन मिलिमीटरमध्ये पाचांपेक्षा अधिक पांढऱ्या पेशी नसतात आणि साखर रक्तातील साखरेच्या साधारण साठ टक्के असते. या प्रमाणांत पडणारा फरक आजाराची दिशा दाखवतो.

*जिवाणूंचा मेंदूज्वर :* पाणी गढूळ, पांढऱ्या पेशी शेकडो-हजारोंनी वाढलेल्या, प्रथिने वाढलेली, साखर घटलेली. येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

*विषाणूंचा मेंदूज्वर :* पेशी वाढतात, पण साखर बहुधा प्राकृत राहते. पाण्याच्या पीसीआर तपासणीत नागीण गटातील विषाणू सापडल्यास त्यावर प्रभावी औषध उपलब्ध आहे.

*क्षयाचा मेंदूज्वर :* भारतात याचा विचार प्रत्येक वेळी करावा लागतो. हा आजार दबक्या पावलांनी येतो. बारीक ताप, भूक मंदावणे, चिडचिड, डोकेदुखी असे दोन-तीन आठवडे चालते. पाण्यात लिम्फोसाइट पेशी व प्रथिने वाढतात आणि साखर घटते. ठेवलेल्या पाण्यावर कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते. सीबीनॅट तपासणीत काही तासांत क्षयजंतू व रिफाम्पिसिन औषधाला त्याचा असणारा प्रतिरोध कळू शकतो. ही तपासणी नकारार्थी आली तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही. डॉक्टर एकूण चित्र पाहून उपचार सुरू करतात.

*गुइयाँ-बारे सिंड्रोम :* जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात झालेल्या उद्रेकामुळे 'जीबीएस' हे नाव घरोघरी पोहोचले. यात पाण्यातील प्रथिने वाढतात, पण पेशी वाढत नाहीत. पहिल्या आठवड्यात मात्र प्रथिनेही प्राकृत असू शकतात.

*मेंदूभोवतीचा रक्तस्राव :* आयुष्यात कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी एकाएकी उद्भवली आणि सीटी स्कॅनमध्ये काही दिसले नाही, तरी शंका उरल्यास पाणी तपासतात. सुमारे बारा तासांनंतर रक्ताच्या विघटनाने पाण्याला पिवळसर छटा येते.

याखेरीज मल्टिपल स्क्लेरोसिस, प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने होणारी मेंदूची सूज आणि आवरणात पसरलेला कर्करोग यांच्या निदानासही पाण्याची मदत होते. उपचारासाठीही हाच मार्ग वापरतात. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालकांना काही औषधे याच वाटेने दिली जातात, कारण शिरेतून दिलेले औषध मेंदूच्या आवरणात पुरेसे पोहोचत नाही.

केव्हा थांबावे लागते?

मेंदूत गाठ, गळू किंवा मोठी सूज असताना खालून पाणी काढल्यास मेंदूचा भाग खाली सरकून प्राणावर बेतू शकते. म्हणून झटके, एका अंगाची कमजोरी किंवा शुद्ध हरपणे अशी लक्षणे असल्यास आधी सीटी स्कॅन करतात. बिंबाणू फार कमी असल्यास, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा सुई टोचण्याच्या जागी त्वचेला संसर्ग असल्यास तपासणी पुढे ढकलावी लागते. अशा रुग्णांत आत रक्त साकळून नसांवर दाब येण्याचा धोका असतो. तो विरळा आहे, पण खरा आहे. स्कॅनसाठी वेळ लागणार असेल तर जिवाणूंच्या मेंदूज्वराची शंका असलेल्या रुग्णाला प्रतिजैविके आधीच सुरू करतात.

नंतर काय त्रास होतो?

सर्वांत नेहमीचा त्रास डोकेदुखीचा. बसले वा उभे राहिले की डोके दुखते आणि आडवे होताच कमी होते, ही तिची ओळख. सुईच्या छिद्रातून थोडे पाणी झिरपल्याने असे होते. १८९८ मध्ये डॉ. ऑगस्ट बिअर यांनी पाठीतील भुलीचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला, तेव्हा त्यांनाही हीच डोकेदुखी झाली होती. बोथट टोकाच्या बारीक सुया वापरल्यास तिचे प्रमाण बरेच घटते. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ते ११ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर आल्याचे दिसले. विश्रांती व वेदनाशामक गोळ्यांनी काही दिवसांत आराम पडतो. फार लांबल्यास रुग्णाचेच थोडे रक्त त्या जागी सोडून छिद्र बुजवतात. कंबर दोन-तीन दिवस दुखू शकते. जंतुसंसर्ग मात्र क्वचितच होतो.

मग हा गैरसमज आला कोठून?

ज्यांचे पाणी काढले जाते, त्यांतील अनेक जण आधीच गंभीर आजारी असतात. क्षयाच्या मेंदूज्वरात मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद होऊन अर्धांगवायू होऊ शकतो, दृष्टी वा श्रवणशक्ती जाऊ शकते. जीबीएसमध्ये तर पाय लुळे पडणे हेच आजाराचे लक्षण. सुई टोचल्यानंतर दोन दिवसांनी रुग्णाचे पाय गेले, की दोष सुईच्या माथी मारला जातो. वास्तविक तो आजाराचा असतो. ही भीती पुढच्या कुटुंबाला थांबवते, उपचार लांबतात आणि अपंगत्व पदरी येते. मग त्याच गैरसमजाला आणखी एक दाखला मिळतो. क्षयाच्या मेंदूज्वरात उपचार सुरू होताना रुग्ण कितपत शुद्धीवर होता, यावर त्याचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हे येथे विसरता कामा नये.

नातेवाइकांनी लक्षात ठेवावे

* रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा जखमेतून रक्त लवकर थांबत नसल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.
* बधिरतेच्या इंजेक्शनची वा अन्य औषधाची ॲलर्जी असल्यास त्याची कल्पना द्यावी.
* कोणत्या आजाराची शंका आहे आणि अहवालाने उपचारांत काय फरक पडेल, हे निःसंकोच विचारावे.
* नंतर पायांत बधिरपणा वा अशक्तपणा, लघवी अडणे, ताप, सुईच्या जागेतून स्राव किंवा वाढत जाणारी डोकेदुखी जाणवल्यास त्वरित कळवावे.
* तान्ह्या बाळात मान ताठ होईलच असे नाही. ताप, दूध न ओढणे, सतत रडणे वा मलूल पडणे, टाळू फुगणे ही लक्षणे दिसताच बाळाला रुग्णालयात न्यावे.

शंका विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे आणि तिचे निरसन करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य. मात्र शंका फिटल्यावरही केवळ ऐकीव भीतीपोटी सही लांबवली, तर त्याची किंमत रुग्णाच्या मेंदूला मोजावी लागते.