एका पट्टीवर ठरते गाडीची किंमत: जुन्या अमेरिकन गाड्या आणि बनावट टॅग

१९६९ ची साधी व्ही-८ इंजिनाची शेव्हरले कमारो आणि त्याच वर्षीची कमारो झेड-२८ यांत पैशांचा फरक मोठा आहे. साध्या गाडीवर पट्टे रंगवून, सुटे भाग बदलून ती झेड-२८ सारखी दिसू शकते. मग खरी कोणती, हे कसं ओळखायचं?

व्हीआयएन, म्हणजे आपल्याकडे आरसीवर चेसिस नंबर असतो तसा अमेरिकेतला ओळख क्रमांक, इथे उपयोगी पडत नाही. १७ अक्षर-अंकांचा एकसारखा व्हीआयएन १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. प्लिमथच्या १९७० च्या 'कुडा'त पाचवं अक्षर 'आर' असेल तर गाडीत मूळचं हेमी इंजिन होतं हे कळतं. १९६९ च्या कमारोचा नंबर मात्र इंजिन व्ही-८ आहे एवढंच सांगतो.

म्हणून महत्त्व येतं बॉनेटखाली रिव्हेटने बसवलेल्या 'ट्रिम टॅग'ला. ओहायोतल्या नॉरवुड कारखान्याच्या बहुतेक १९६९ च्या कमारोंवर 'एक्स' कोड असतो. त्यात ३३ किंवा ७७ आकडा म्हणजे झेड-२८. नवी पट्टी ठोकली, की कागदोपत्री साधी गाडी दुर्मिळ होते.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार व्हीआयएन जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुरुस्तीसाठी काढणं गरजेचं असेल तर सूट आहे. पण ट्रिम टॅग हा व्हीआयएन नव्हे, त्यामुळे तो या कलमात सहसा बसत नाही. गंजलेल्या टॅगच्या जागी लावायला नवे टॅग बनवून मिळतात, आणि ही गरज खोटी नाही. फसवणूक होते ती विकताना, खोट्या कोडच्या जोरावर जास्त पैसे मागितले की. तेव्हाही 'मी घेतली तेव्हा अशीच होती' हे उत्तर तयार असतं, आणि तीन-चार मालक बदलले असतील तर ते अनेकदा खरंही असतं. नुकसान होतं शेवटच्या माणसाचं.

कायदा कडक असला तरी भरडला जातो कधीकधी प्रामाणिक माणूसच. कॅन्ससमधल्या एकाने २०१६ मध्ये १९५९ ची कॉर्व्हेट ५० हजार डॉलरला घेतली. नोंदणीच्या तपासणीत व्हीआयएन पट्टीचे रिव्हेट मूळचे नाहीत असं दिसलं आणि गाडी जप्त झाली. आधीच्या कोणीतरी रिस्टोरेशन करताना पट्टी काढून परत लावली होती. नव्या मालकाचा काही दोष नाही हे मान्य असूनही तेव्हाच्या राज्य कायद्यानुसार गाडी नष्टच व्हायला हवी होती. २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला, तेव्हा कुठे ती परत मिळाली.

हौशी मंडळींत 'क्लोन' किंवा 'ट्रिब्यूट' म्हणून नक्कल उघडपणे विकली जाते, त्यात गैर काही मानत नाहीत. अशा गाडीवर खोटा टॅग लावावा का, यावर मात्र वाद आहे. आजचा मालक खरं सांगेल, पण पुढच्याने सांगितलं नाही तर टॅग स्वतःहून काही बोलत नाही.

म्हणून जाणकार फक्त टॅगवर विसंबत नाहीत. इंजिनावर ठोकलेले व्हीआयएनचे शेवटचे आकडे, बॉडीच्या आत लपवलेले नंबर, रिव्हेटची ठेवण आणि जुनी कागदपत्रं, सगळं एकमेकांशी जुळतं का हे ते पाहतात, आणि तेही पैसे देण्याआधी.