लाल टोपीचे सोबती

युद्धांच्या बखरी पुष्कळ आहेत. पण युद्धाच्या सावलीत माणसे बाजारहाट कसा करतात, पोरे शाळेत कशी धाडतात, ह्याची बखर सहसा कोणी लिहीत नाही. पॅलेस्टाइनमधील अशीच एक लहानशी हकीकत ह्या सणाच्या दिवसांत वाचकांना सांगावीशी वाटते.

जेरुसलेमच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर हेब्रॉन हे प्राचीन शहर आहे. अरब त्याला 'अल्-खलील' म्हणतात. खलील म्हणजे मित्र. देवाचा मित्र जो अब्राहाम, त्याचे हे गाव. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही त्याला पूज्य मानतात, व त्याची समाधी येथेच आहे अशी श्रद्धा आहे. परंतु एकाच आजोबांच्या नातवंडांत भाऊबंदकी माजावी, तसे येथे झाले. १९२९ च्या दंगलीत अरबांच्या हातून ६७ ज्यू मारले गेले. १९६७ च्या युद्धात शहर इस्रायलच्या ताब्यात गेले आणि पुढे ज्यूंच्या वसाहती उठल्या. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका वसाहतवाल्याने समाधिस्थानी नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना गोळ्या घालून ठार केले.

पुढल्याच वर्षी, १९९५ च्या जूनमध्ये, 'ख्रिश्चन पीसमेकर टीम्स' ह्या संस्थेचे काही स्वयंसेवक येथे राहावयास आले. मेनोनाइट, ब्रदरेन, क्वेकर हे ख्रिस्ती धर्मातले शस्त्र न धरणारे पंथ. १९८४ साली स्ट्रासबर्गच्या मेनोनाइट परिषदेत रॉन सायडर ह्या विद्वानाने आपल्या बांधवांना खडसावले होते, की सैनिक लढाईसाठी प्राण द्यावयास निघतो, मग शांततेचे नाव घेणाऱ्यांनी घरी का बसावे? त्यातून ही संस्था निघाली. विनोबांनी १९५७ साली उभारलेल्या शांतिसेनेचे ज्यांना स्मरण असेल, त्यांना हा विचार परका वाटणार नाही.

ह्या मंडळींनी जुन्या शहरात कोंबडीबाजाराजवळ बिऱ्हाड केले. गच्चीवरच्या टाकीतले पाणी जपून वापरावे, शेजाऱ्याकडचा गोड चहा प्यावा, मोडक्यातोडक्या अरबीत ख्यालीखुशाली विचारावी आणि डोक्यावर लाल टोपी घालून गल्लीबोळांतून हिंडावे, असा त्यांचा दिनक्रम. बाजारावर तारेची जाळी ताणलेली होती. वरच्या घरांतून वसाहतवाले फेकीत तो कचरा तीत अडकून राही. नाक्यावर सैनिकांनी कोणाला थोपवले, की हे जवळ जाऊन उभे राहत व काय घडते त्याची नोंद करीत. वही आणि कॅमेरा, एवढीच त्यांची हत्यारे.

प्रवास म्हणजे तर दिव्यच! 'सर्व्हिस' नावाच्या सामायिक टॅक्सीने निघावे, तो वाटेत लष्कराने घातलेला मातीचा ढिगारा यावा. तेथे उतरावयाचे, सामान उचलून पायी पलीकडे जावयाचे आणि दुसरी गाडी धरावयाची. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या बायका, सर्वांना हीच वाट. स्वयंसेवकांना परवाना मिळे तो पर्यटकाचा, तीन महिन्यांचा. विमानतळावरूनच परत धाडतील ही धास्ती निराळीच.

मी शाळामास्तर, म्हणून ह्या साऱ्यात मला अधिक मोलाची वाटते ती अत्-तुवानीची गोष्ट. हे हेब्रॉनच्या दक्षिणेकडील टेकड्यांतले मेंढपाळांचे खेडे. शेजारच्या तुबा वस्तीतली पोरे येथल्या शाळेत येतात. जवळची वाट माओन ही वसाहत आणि तिच्यालगतची नवी वस्ती ह्यांच्यामधून जाते, आणि त्या वाटेवर पोरांना दगड खावे लागत. दुसरी वाट कितीतरी लांबची. २००४ साली स्वयंसेवक पोरांबरोबर चालू लागले. त्याच सप्टेंबरात तोंडे झाकलेल्या लोकांनी दोघा स्वयंसेवकांना साखळ्या व दांडक्यांनी झोडपले. एकीचा हात मोडला, दुसऱ्याच्या फुप्फुसाला इजा झाली. बातमी जगभर गेली. इस्रायलच्या संसदेतील बालहक्क समितीने लक्ष घातले आणि लष्कराची गाडी रोज पोरांच्या सोबतीला येऊ लागली. ती कधी उशिरा येई, कधी येतच नसे. मग स्वयंसेवक टेकडीवर उभे राहून वेळ टिपून ठेवीत. कित्येक इस्रायली नागरिकही गावकऱ्यांच्या मदतीस धावले, हेही सांगितले पाहिजे.

'ही मंडळी एकांगी आहेत,' असा आक्षेप इस्रायलमध्ये अनेकांनी घेतला. शांतता आली का, असे विचाराल, तर नाही. २०११ मध्ये ह्या संस्थेने तुवानीतले ठाणे उठवले. त्यांचे इटालियन सहकारी मागे राहिले. ऑक्टोबर २०२३ नंतर त्या टेकड्यांवरचे हल्ले वाढले आणि कित्येक कुटुंबांना वस्त्या सोडाव्या लागल्या.

मग मिळवले काय? हजेरीपटावरच्या 'हजर' ह्या खुणेची किंमत मास्तरांना ठाऊक असते. त्या वर्षांत तुबाची पोरे शाळेत हजर राहिली. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत ही नोंद सापडणार नाही. पण ज्या आईने सकाळी पोराच्या पाठीवर दप्तर अडकवून त्याला त्या वाटेला लावले, तिच्या लेखी ती मोठीच आहे.