टॅलाहॅची काउंटी न्यायालय, समनर

टॅलाहॅची काउंटी न्यायालय ही अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील समनर या छोट्या गावातील ऐतिहासिक इमारत आहे. १९५५ साली एमेट टिल हत्या खटला येथे चालला. न्यायदालन पुढे त्या काळातील स्वरूपात पूर्ववत करण्यात आले.

पार्श्वभूमी

टॅलाहॅची काउंटीची चार्ल्सटन व समनर अशी दोन मुख्य ठिकाणे आहेत. समनर येथील विटांची, मनोरा असलेली ही इमारत विसाव्या शतकाच्या प्रारंभी रोमनेस्क पुनरुज्जीवन शैलीत बांधली गेली.

१९५५ चा खटला

एमेट टिल हा शिकागोचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिसिसिपीत नातेवाइकांकडे आला होता. २८ ऑगस्ट १९५५ रोजी त्याचे अपहरण झाले व तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत त्याचा मृतदेह सापडला. रॉय ब्रायंट व जे. डब्ल्यू. मिलम या गौरवर्णीय सावत्र भावांवर १९ ते २३ सप्टेंबरदरम्यान न्यायाधीश कर्टिस स्वँगो यांच्यासमोर खटला चालला. टिलचे नातलग मोझ राइट यांनी भर न्यायालयात आरोपींना ओळखले. टिलची आई मेमी टिल यांनीही साक्ष दिली. कृष्णवर्णीय पत्रकारांना वेगळ्या टेबलाशी बसवण्यात आले होते.

ज्युरी मतदारांमधून निवडली जाई आणि काउंटीत एकाही कृष्णवर्णीयाची मतदार म्हणून नोंद नव्हती. त्यामुळे ज्युरीतील बाराही जण गौरवर्णीय पुरुष होते. सुमारे ६७ मिनिटांच्या विचारविनिमयानंतर त्यांनी आरोपींना निर्दोष ठरवले. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ नियतकालिकात दोघांची हत्येची कबुली प्रसिद्ध झाली. मात्र निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नसल्याने त्यांना शिक्षा झाली नाही.

जीर्णोद्धार

नंतरच्या फेरबदलांमुळे न्यायदालनाचे मूळ रूप बदलले होते आणि इमारतही जीर्ण झाली होती. २००६ मध्ये काउंटी पर्यवेक्षक मंडळाचे कृष्णवर्णीय सदस्य जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने एमेट टिल स्मारक आयोग स्थापन झाला. इमारतीच्या दुरुस्तीसाठी निधी उभारणे हे त्याचे एक प्रमुख काम होते. परंतु आयोगाने दुरुस्तीपूर्वी घडलेल्या अन्यायाची कबुली देण्यास प्राधान्य दिले. २ ऑक्टोबर २००७ रोजी न्यायालयासमोर टिल कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागणारा ठराव वाचण्यात आला. त्याच वर्षी इमारतीचा समावेश ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला.

जीर्णोद्धार करताना बांधकामाच्या वेळचे रूप प्रमाण न मानता १९५५ मधील खटल्याच्या वेळची रचना आधारभूत मानण्यात आली. साक्ष, निकाल आणि विभागलेली बैठकव्यवस्था यांची जागा अभ्यागतांना प्रत्यक्ष समजावी, हा त्यामागील हेतू होता.

सद्यस्थिती

इमारतीत आजही न्यायालयीन कामकाज चालते. समोरच एमेट टिल माहिती केंद्र आहे. २५ जुलै २०२३ रोजी, टिलच्या जन्मदिनी, राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी घोषित केलेल्या एमेट टिल व मेमी टिल-मोबली राष्ट्रीय स्मारकाच्या तीन स्थळांपैकी हे एक आहे. टिलचा अंत्यविधी झालेले शिकागोतील रॉबर्ट्स टेंपल चर्च आणि मृतदेह सापडल्याचे मानले जाणारे ग्रेबॉल लँडिंग ही अन्य दोन स्थळे होत.